पडण्याची दिशा

एकवीस वर्षं बाई कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना बल आणि गती शिकवत आल्या होत्या. बाकीचे धडेही होतेच. उष्णता होती, प्रकाश होता, पण ते मुलं मुकाट्याने शिकत. या एका धड्याशी मात्र त्यांचं भांडण असे, आणि गंमत म्हणजे आपलं भांडण आहे हे त्यांना ठाऊकच नसे. नियम सगळ्यांना तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणतील की बाहेरून बल लागलं नाही तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते. मग बाई खडूचा तुकडा वर फेकत आणि विचारत, हातातून सुटल्यावर, वर जाताना, याच्यावर कोणकोणती बलं आहेत ते बाणांनी दाखवा. चाळिसातले पस्तीस जण वरच्या दिशेने एक जाडजूड बाण काढत. खडू वर चाललाय ना, मग वर ढकलणारं काहीतरी असणारच. नियम गेला वहीत, खडू गेला वर, आणि दोघांची गाठ पडायचं नाव नाही.

यावर बाईंनी आपल्यापुरता एक उपाय शोधला होता. प्रत्येक बाणाला मालक पाहिजे. कोण ढकलतंय, कोण ओढतंय, त्याचं नाव सांगायचं. हात? हात तर इथे टेबलावर आहे, खडू तिकडे छताजवळ. मालक सापडत नसेल तर बाण पुसायचा. या हट्टापायी मुलांनी त्यांचं नाव ‘मालकीणबाई’ ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं. त्याआधीच्या वर्षी मुलं त्यांना ‘ढकलबाई’ म्हणत, त्या मानाने ही बढतीच होती.

त्या वर्षीच्या वर्गात दोन मुलं लक्षात राहण्यासारखी होती. एक वर्गात नेहमी पहिला येणारा, ज्याला सगळे ‘पहिला’ म्हणूनच हाक मारत. त्याला आकडे दिले की तो खूश. वस्तुमान द्या, त्वरण द्या, उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत तयार. आकडे काढून घेतले की मात्र तो पाण्याबाहेरच्या माशासारखा तडफडे. दुसरी मुलगी, कुलपं दुरुस्त करणाऱ्याची. तिला ‘किल्ली’ म्हणत. मार्क बेताचेच, पण एक वाक्य पटल्याशिवाय ती दुसऱ्या वाक्यावर पाऊल टाकत नसे. टेबलावरच्या पुस्तकाला टेबल वर ढकलतं, हे तिने तब्बल अर्धा तास मान्य केलं नव्हतं. टेबल कसं ढकलेल, ते तर नुसतं लाकूड आहे, असं तिचं म्हणणं. शेवटी बाईंनी दोन डबे ठेवून त्यांवर एक लवचीक पट्टी आडवी टाकली आणि पट्टीवर पुस्तक ठेवलं. पट्टी वाकली. किल्लीने पट्टीखाली बोट घालून पाहिलं, पुस्तक उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं, आणि मग म्हणाली, हं.

एका रविवारी सकाळी बाईंचा धाकटा भाऊ घरी आला. भाऊ शहराच्या बसवर ड्रायव्हर होता, एकोणीस वर्षं. नाकासमोर चालणारा माणूस. इतक्या वर्षांत ओरखडा म्हणून नव्हता, ना बसला, ना त्याच्या फाइलीला. एरवी तो आल्या आल्या खुर्ची ओढून पसरायचा. त्या दिवशी खिडकीशी उभाच राहिला.

त्याने सांगितलं ते असं. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक वयस्कर बाई पुढच्या दाराने बसमध्ये चढल्या. एकाहत्तर वर्षांच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. बस निघाली, थांबा सोडून शंभरेक पावलं पुढे गेली असेल, तोच एक कुत्रं आडवं आलं. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि त्या बाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या बसला कंडक्टर नसतो, आणि प्रवासी आणखी दोघंच होते. एक कानात गाणी घालून डोळे मिटून बसलेला, आणि एक बाई जी पुढच्या थांब्यावर उतरून गेली ती गेलीच. बसमधला कॅमेरा सहा महिन्यांपासून आंधळा. आता चौकशी लागली होती आणि गुरुवारपर्यंत लेखी जबाब द्यायचा होता.

“तू लिहून दे ताई,” भाऊ म्हणाला. “माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि तुझ्या शास्त्रातलं ते घाल. ब्रेक लागला की माणूस फेकला जातो, त्यात कुणाचा दोष नसतो, ते.”

बाईंनी लिहून दिलं. दीड पान झालं. ‘जडत्व’ हा शब्द दोनदा आला. बाकी भाऊ सांगत गेला तसं एकेक वाक्य उतरत गेलं. प्रवासी महिला दुसऱ्या खांबाजवळ उभी होती, तिने खांब धरलेला नव्हता, कुत्रं वाचवण्यासाठी ब्रेक लावताच तिचा तोल गेला, ती मधल्या दाराच्या पायरीपाशी पडलेली आढळली. टपोरं अक्षर, डावीकडे समास सोडलेला. भावाने ते वाचलं आणि त्याचा चेहरा जरा सैलावला. घरी पोरं यावर काहीतरी सांडतील, म्हणून कागद ताईकडेच ठेवून, सहीला बुधवारी येतो असं सांगून तो गेला.

सोमवारी वर्गात नेमका बसचाच भाग होता. उभा प्रवासी, बस अचानक थांबते, प्रवासी पुढे का पडतो. मुलांनी सवयीप्रमाणे प्रवाशाच्या पाठीमागून पुढे जाणारा बाण काढला. मालक कोण, असं विचारल्यावर एकाने ‘जडत्व’ असं ठोकून दिलं. बाईंनी तो बाण पुसला. जडत्व कुणाला ढकलत नाही, ते म्हणजे वस्तूचं आहे तसंच राहायचं वळण. बस थांबली, पाय बसबरोबर थांबले, वरचं अंग मात्र आपल्या आधीच्याच वेगाने निघालंय. हे पटावं म्हणून खरं उदाहरण द्यायला हवं असं त्यांच्या मनात आलं, आणि खरं उदाहरण तर ताजं होतं. कुणाचं, काय, हे न सांगता त्यांनी फळ्यावर बस काढली. इथे ड्रायव्हर, इथे पुढचं दार, हा दुसरा खांब, तिथे एक आजी उभ्या आहेत, खांब धरलेला नाही. बस चाललीय. ड्रायव्हर म्हणतो, ब्रेक लागला, आजी पडल्या, हाड मोडलं. आता बाण काढा.

किल्लीने हात वर केला. बाण काढायच्या आधी तिला आजी कुठे पडल्या ते हवं होतं.

“मधल्या दाराच्या पायरीपाशी,” बाई म्हणाल्या आणि तिथे फुली मारली.

किल्ली फळ्याकडे बघत राहिली. “मधलं दार खांबाच्या मागे आहे,” ती म्हणाली. “मग त्या मागे पडल्या. ब्रेक लागला असता तर पुढे, ड्रायव्हरच्या काचेवर आपटल्या असत्या. बस थांबली नाही बाई. बस सुटली.”

वर्गात कुजबुज झाली. दोघातिघांना ते पटेना, तेव्हा प्रयोग करू असं ठरलं. प्रयोगशाळेत चार चाकांची एक लाकडी पाटी होती. तिच्यावर खडूची रिकामी पेटी उभी ठेवली. पाटी हळूहळू ढकलत नेऊन एकदम अडवली, पेटी पुढे पडली. उभी पाटी एकदम पुढे ओढली, पेटी मागे पडली. पाच वेळा, सात वेळा. हातच्या काकणाला आरसा कशाला. मुलांना एवढी मजा आली की शेजारच्या वर्गातून निरोप आला, जरा हळू. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, म्हणजे तो ड्रायव्हर थापा मारतोय. सगळे हसले.

बाई हातात खडू धरून उभ्या होत्या. फळ्यावरचं हेच त्यांनी स्वतःच्या हाताने जबाबाच्या कागदावर लिहिलं होतं. खांब, ब्रेक, मधलं दार, सगळं एका ओळीत, समास सोडून. कुण्या मुलाने परीक्षेत असं लिहिलं असतं तर त्यांनी लाल पेनाने वहीला भोक पाडलं असतं. भाऊ सांगत होता म्हणून त्यांच्या डोळ्यांवर झापड आली होती. आपला तो बाब्या म्हणतात ते उगाच नाही.

तेवढ्यात पहिला उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की बस ब्रेक लावून थांबते तेव्हा अगदी शेवटी, थांबता क्षणी, एक उलटा झटका बसतो. माणूस मागे झुकतो. आजी त्या झटक्याने पडल्या असतील. बुडत्याला काडी मिळावी तसं बाईंना झालं. मुद्दा खोटा नव्हता. ब्रेक लागलेला असताना आपण पाय रोवून मागे रेलतो, आणि बस उभी राहिली की ते रेलणं उघडं पडतं. बाई म्हणाल्या, शाबास, याचा विचार करावा लागेल.

“पण तो झटका एवढासाच असतो,” किल्ली म्हणाली.

“एवढासा म्हणजे केवढा?” बाईंनी विचारलं.

“मोजायला लागेल,” ती म्हणाली आणि खाली बसली.

चार वाजता कॉलेज सुटल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या थांब्यावरून त्यांनी भाऊ चालवायचा त्याच बनावटीची बस पकडली. गर्दी नव्हती. दुसऱ्या खांबापासून मधल्या दाराच्या पायरीपर्यंत त्यांनी पावलं टाकून पाहिलं. सात भरली. मग खांबाशी येऊन, पिशवी खांद्याला अडकवून, हात मोकळे सोडून उभ्या राहिल्या. सेहेचाळीस वर्षांची बाई भर बसमध्ये अशी ताठ उभी, कशाला धरत नाही, म्हणून एक-दोघांनी वर मान करून बघितलं. सिग्नलला ब्रेक लागला तेव्हा त्या दीड पाऊल पुढे गेल्या. बस थांबता क्षणी उलटा झटका आला, त्याने टाच तेवढी मागे सरकली. दुसऱ्या थांब्यावर तेच. तिसऱ्या थांब्यावर ड्रायव्हरने बस जोरात सोडली आणि बाई एक, दोन, तीन, चार पावलं मागे धावल्या. एका गृहस्थाने त्यांची पिशवी पकडली म्हणून त्या थांबल्या.

“अहो बाई, धरा की काहीतरी,” ड्रायव्हर आरशातून ओरडला.

धरलं त्यांनी. एकीकडे टाचेएवढा झटका, दुसरीकडे सात पावलं. मन अजून वकिलासारखं काही ना काही काढत होतं. आजींचे बूट घसरडे असतील, बस चढावर असेल. पण बाईंनी एकवीस वर्षं मुलांची हीच धडपड पाहिली होती. उत्तर ठरवून मग त्याच्यासाठी बाण शोधत फिरायचं. त्या पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि थोडं अंतर पायीच चालल्या.

मंगळवारी संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या. पर्समध्ये तो कागद होता. वहिनी स्वयंपाकघरात होती, मुलं खाली खेळायला गेली होती. भाऊ गॅलरीत बसून पोराच्या सायकलीची साखळी चढवत होता. चौकशी संपेपर्यंत त्याला बसवर घेतलं नव्हतं. दिवसभर डेपोत बसून राहायचं आणि घरी यायचं. बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. आडवळणाने बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी खांबापासून दारापर्यंतची सात पावलं सांगितली, पेटी सांगितली, स्वतः बसमध्ये उभं राहून पाहिलं ते सांगितलं.

“वर्गात सांगितलंस?” भावाने विचारलं.

“बस सांगितली. तुझं नाव नाही.”

भाऊ पुन्हा साखळी चढवू लागला.

“कुत्रं होतं का?” बाईंनी विचारलं.

“कुत्री कुठे नसतात.”

बाई थांबल्या. वर्गात एखाद्याने अर्धं उत्तर दिलं की त्या अशाच थांबत. समोरचा स्वतःच पुढे चालू लागेपर्यंत थांबत.

“कुत्र्याचा जबाब कोण घेणार,” भाऊ अखेर म्हणाला. “म्हणून कुत्रं.”

मग त्याने सगळं सांगितलं. त्या सकाळी तो नऊ मिनिटं मागे होता. उशिराबद्दल त्या महिन्यात दोनदा लेखी समज मिळाली होती, तिसरी मिळाली असती तर वर बोलावलं असतं. त्या बाई चढल्या, कार्ड दाखवलं, आत वळल्या. त्याने दार बंद केलं आणि पाय दाबला. नेहमीपेक्षा जोरात दाबला. थांब्यावरून बस जेमतेम हलली होती.

“आरशात दिसलं मला,” तो म्हणाला. “हात पर्समध्ये होता तिचा, कार्ड ठेवत होती. मला वाटलं धरेल.”

दारात वहिनी उभी होती. कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिने विचारलं की आता हे उकरून काय मिळणार, ती बाई मेली तर नाही ना, हाड काय, जुळेल. खरं सांगितलं तर यांना कामावरून काढतील, एकोणीस वर्षं पाण्यात जातील. बाई म्हणाल्या, मी कुणाला काही सांगणार नाही. फक्त हे माझ्या अक्षरात जाणार नाही.

“ताई, तुमच्या फळ्यावरचं पुसता येतं,” वहिनी म्हणाली. “इथलं नाही येत.”

त्यांनी पर्समधून कागद काढून भावापुढे ठेवला. भाऊ जरा उद्धटपणेच म्हणाला की मग मी उतरवून घेईन, माझ्या कोंबडीच्या पायांनी. घे, असं म्हणून बाई उठल्या. जाताना त्या पडलेल्या बाईंची काही खबर घेतलीस का, एवढं विचारलं. चौकशी होईपर्यंत भेटायचं नाही असं वरून सांगितलंय, भाऊ म्हणाला, आणि ते खरंही होतं.

बाईंना मात्र कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बुधवारी दुपारचे तास संपल्यावर त्या दवाखान्यात गेल्या. आपण नेमकं कशाला चाललोय हे त्यांना नीटसं कळत नव्हतं. खोट्या कागदावर आपलं अक्षर होतं, एवढंच टोचत होतं. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर त्या नर्सबाई होत्या. बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले, पाय पट्ट्यांत अडकवलेला. शेजारी त्यांचा मुलगा सफरचंद कापत होता. बाईंनी आपण त्या ड्रायव्हरची बहीण असल्याचं सांगितलं. मुलाची सुरी थांबली. नर्सबाईंनी मात्र खुर्चीकडे बोट दाखवलं.

मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, ड्रायव्हरवर आमचा राग नाही, आईचंच वय झालंय. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘चक्कर येऊन पडल्या’ असं लिहिलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्याच्या तपासण्या चालल्या होत्या, कानाच्या चालल्या होत्या, कशात काही सापडत नव्हतं. आता तिला एकटीला ठेवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. ती राहायची ती दोन खोल्यांची जागा महिनाअखेर सोडून द्यायची, तिला आपल्याकडे न्यायचं, आणि एकटीने बाहेर पडणं बंद. घरमालकाशी बोलणंही झालं होतं.

“मला चक्कर आली नव्हती,” नर्सबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आठ दिवसांत बऱ्याच वेळा म्हटलं असावं, कारण मुलाने मान वर केली नाही. “मी मागे पडले. अडतीस वर्षं मी पडलेली माणसं उचललीत. चक्कर आलेला माणूस आहे तिथे मटकन बसतो. सात-आठ पावलं मागे धावून पडत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतं कुठे पडलात म्हणून. का पडलात ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.”

बाईंच्या जिभेवर सगळं आलं होतं. पाय बसबरोबर पुढे जातात, अंग मागे राहतं, तुमचं बरोबर आहे, अगदी शंभर टक्के बरोबर आहे. पण काल आपण काय शब्द दिला होता तेही आठवलं. त्या गप्प बसल्या. मुलाने सफरचंदाची एक फोड त्यांनाही दिली आणि ती त्यांनी खाल्ली. नंतर त्यांना त्या फोडीचीच जास्त लाज वाटली.

तिथून त्या तडक डेपोत गेल्या. भाऊ ड्रायव्हरांच्या खोलीत बाकावर बसला होता, समोर भिंतीला लावलेल्या वेळापत्रकाकडे तोंड करून. बाईंनी त्याला बाहेर बोलावलं. दोन बसच्या मधल्या बोळात उभं राहून जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचं काही न घालता. चक्कर, तपासण्या, दोन खोल्यांची जागा, एकटीने बाहेर पडणं बंद. भावाने विचारलं, जागा कधी सोडणार. महिनाअखेर, बाई म्हणाल्या. तो हं म्हणाला आणि आत गेला. त्याने काय ठरवलं ते बाईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

गुरुवारचा दिवस वाईट गेला. वर्गात पाटी आणि पेटी पुन्हा काढली होती. पहिल्याचा उलटा झटका मुलं आता पट्टी लावून मोजत होती. चढावर ठेवून, उतारावर ठेवून, पेटीत वाळू भरून. झटका खरा होता, पण पेटी त्याने नुसती डुलत होती, मागे कोसळत नव्हती. पहिल्याने सगळे आकडे मांडले, सरासरी काढली आणि स्वतःच्याच मुद्द्याखाली ‘पुरेसा नाही’ असं लिहिलं. बाईंना त्याचं कौतुक वाटलं, पण ते बोलून दाखवायला विसरल्या.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. आवाजात ओलावा नव्हता. तिने सांगितलं की यांनी पहाटे उठून नवीन कागद लिहिला, पाच ओळी, स्वतःच्या अक्षरात, आणि तोच दिला. कुत्रं नाही, ब्रेक नाही. उशीर झाला होता, प्रवासी उभी आहे आणि तिने धरलेलं नाही हे दिसत असून बस जोरात सोडली. “वाचून मीच लाजले,” ती म्हणाली, “एका ओळीत तीन चुका.” मग वहिनी म्हणाली, “काल रात्री जेवले नव्हते. आज जेवले.”

शुक्रवारी तास संपता संपता किल्लीने विचारलं, त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं. बाईंनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, त्याने खरं काय ते लिहून दिलं. तुम्हाला कसं कळलं, मागून कुणीतरी विचारलं.

“माझा भाऊ आहे तो,” बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावरचा तो मुलगा, ज्याने थापा मारतोय म्हटलं होतं, वहीत तोंड घालून बसला. तास सुटल्यावर किल्ली टेबलापाशी आली. कान लाल झालेले. तिला माफी मागायची होती.

“बरोबर उत्तराची माफी मागायची नसते,” बाई म्हणाल्या. “जा, तुझा पुढचा तास चुकेल.”

चौकशीचा निकाल महिन्याभराने लागला. नोकरी गेली नाही. तीन महिने बसवरून उतरवलं, बस धुवायच्या शेडमध्ये लावलं, बढती दोन वर्षं पुढे ढकलली, आणि एकोणीस वर्षं कोऱ्या असलेल्या फाइलीत एक लाल शेरा बसला. त्याबरोबर आणखी एक झालं, जे भावाला अपेक्षित नव्हतं. उशिराबद्दलच्या समजपत्रांचा विषय चौकशीत निघाला आणि त्या मार्गाच्या वेळापत्रकात चार मिनिटं वाढवली गेली. फार नाही, चार. बाकीच्या ड्रायव्हरांनी शेडमध्ये येऊन त्याची पाठ थोपटली. तो म्हणाला, नऊ हवी होती.

पण हा निकाल लागायच्या आधीच, जबाब दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो दवाखान्यात गेला होता. भेटायची मनाई अजून उठली नव्हती. हे सगळं त्याने ताईला नंतर एका रविवारी सांगितलं, खुर्ची ओढून पसरून. नर्सबाईंनी त्याला ओळखलं नाही, त्यालाच ओळख द्यावी लागली. त्याने उभ्या उभ्या सांगितलं. मुलगा संतापून उठला, पोलिसांत जाईन म्हणाला, आवाज एवढा चढला की शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बसले. नर्सबाईंनी मुलाला गप्प बसवलं. त्यांना राग आला नव्हता असं नाही, भाऊ म्हणाला, चांगला आला होता. त्यांनी त्याला विचारलं की आरशात दिसलं होतं का, आणि तो हो म्हणाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं शेडमधल्या तीन महिन्यांपेक्षा जड गेलं. मग त्या म्हणाल्या, आता बाहेर जा आणि डॉक्टरांना बोलावून आण.

डॉक्टर आले. नर्सबाईंनी भावाला तीच हकीकत त्यांच्यापुढे पुन्हा सांगायला लावली, पहिल्यापासून. नंतर केसपेपर मागवला. ‘चक्कर येऊन पडल्या’ ही ओळ डॉक्टरांनी खोडली आणि वर लिहिलं, बस अचानक सुटल्याने मागे पडल्या. कागद परत खाटेच्या पायथ्याशी अडकवायला ते वळले, तेव्हा नर्सबाईंनी त्यांना थांबवलं. खोडलेल्या जागी सही नसेल तर ती दुरुस्ती धरत नाहीत, हे अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो नव्या डॉक्टरांना शिकवलं होतं. याही डॉक्टरांनी सही केली. तारीख राहिली होती, तीही त्यांनी घालून घेतली, आणि मग मुलाकडे वळून म्हणाल्या की घरमालकाला फोन लाव, मी बोलते.